बेळगावहून विमानानं जाताना अंतर किती, वेळ किती? सीमाभागातल्या प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातली माणसं नोकरी, शिक्षण आणि दवाखान्यासाठी चारही दिशांना जातात. मुलगी बेंगळूरला, भाऊ मुंबईत, मेहुणा मस्कतला, असं घरोघरी चित्र आहे. विमानाचं तिकीट काढायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, "किती वेळ लागतो ओ?" मोबाईलवर शोधलं तर अंतराचा एक आकडा सापडतो. तो बरोबर असतो, पण घरातून किती वाजता निघायचं हे त्यावरून कळत नाही. लोक वारंवार विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथं दिली आहेत.

बेळगाव ते मुंबई हवाई अंतर किती?

सांबरा विमानतळापासून मुंबईच्या सांताक्रूझ-अंधेरी भागातल्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे 405 किलोमीटर. निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे असं महामार्गानं गेलं तर हाच प्रवास साधारण 500 किलोमीटरचा होतो. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, त्या हिशेबानं हे अंतर 218 नॉटिकल मैलांच्या आसपास येतं.

बाकीच्या शहरांचं काय?

सांबऱ्याहून बेंगळूरचं देवनहळ्ळी विमानतळ सुमारे 445 किलोमीटर, हैदराबादचं शमशाबाद 435 आणि दिल्ली 1,435 किलोमीटर आहे. पुणे 310 च्या थोडं वर. म्हणजे मुंबई, हैदराबाद आणि बेंगळूर ही तिन्ही शहरं बेळगावपासून हवेतून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. रस्त्यानं आणि रेल्वेनं जाणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, कारण मुंबई-बेंगळूर महामार्ग आपल्या दारावरून जातो आणि हैदराबादला मात्र वळणं घेत, गाड्या बदलत जावं लागतं. आपल्या भागाला विमानाचा सगळ्यात मोठा उपयोग हैदराबादच्या बाजूला होतो, असं मला वाटतं.

हे अंतर मोजतात कसं? घरी काढता येईल का?

येईल. दहावीच्या भूगोल-गणिताच्या जोरावर सहज येईल, आणि मुलांकडून एकदा करून घ्यावं असं आहे.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. सांबरा 15.86 उत्तर, 74.62 पूर्व. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. अक्षांशातला फरक 3.23 अंश. अक्षांशाचा एक अंश कुठंही साधारण 111 किलोमीटरचा असतो, म्हणून 3.23 गुणिले 111 म्हणजे जवळजवळ 359 किलोमीटर उत्तरेला. रेखांशातला फरक 1.75 अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडं एकत्र येत जातात, त्यामुळं त्यांच्यातलं अंतर विषुववृत्तावर 111 किलोमीटर असलं तरी आपल्या आणि मुंबईच्या मधल्या पट्ट्यात ते 106 किलोमीटरवर येतं. 1.75 गुणिले 106 म्हणजे सुमारे 186 किलोमीटर पश्चिमेला. आता काटकोन त्रिकोण झाला. 359 चा वर्ग अधिक 186 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 404. मोबाईलवर दिसणारा आकडा जवळपास हाच.

दिल्लीपर्यंतही ही रीत बरी चालते. लंडन-अमेरिकेसारख्या लांबच्या प्रवासाला चालत नाही, कारण तिथं पृथ्वीचा गोलपणा मध्ये येतो आणि सपाट त्रिकोण पुरत नाही. त्यासाठी पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरून गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढतात. अमेरिकेला जाणारी विमानं भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडं वाकून गेल्यासारखी दिसतात ती याचमुळं. नकाशा सपाट केल्यानं ती वाट वाकडी दिसते, गोलावर तीच जवळची असते.

405 किलोमीटरला विमानाला पाऊण तास पुरायला हवा. तिकिटावर सव्वा तास का लिहितात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. आणि याचं उत्तर नीट समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

तिकिटावर लिहिलेला वेळ हवेतला नसतो. विमान उभ्या जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या शहरात जागेवर जाऊन थांबलं तोपर्यंतचा तो वेळ असतो. विमान कंपन्या त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, परवानगीची वाट बघणं, उड्डाण, चढण, मधला सरळ प्रवास, उतरण, आणि उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत सरकत येणं, हे सगळं त्यात आलं.

चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. चारशे किलोमीटरच्या प्रवासात बराचसा भाग चढण्या-उतरण्यातच जातो, पूर्ण वेगाचा मधला टप्पा छोटा राहतो. म्हणून जवळच्या प्रवासात सरासरी वेग खूप खाली येतो. दिल्लीला तसं होत नाही. तिथं चढण-उतरण तेवढीच, पण मधला टप्पा लांब. अंतर मुंबईच्या साडेतीन पट असूनही वेळ साधारण अडीच तासच लागतो, तो यामुळंच.

त्यात मुंबईचं विमानतळ ही वेगळीच बाब आहे. तिथं दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी प्रत्यक्षात एकाच पट्टीवर काम चालतं, आणि गर्दी मात्र देशातल्या सगळ्यात जास्त गर्दीच्या विमानतळांतली. उतरायची पाळी येईपर्यंत विमानं हवेत घिरट्या घालतात. पाळी लगेच आली तर विमान वेळेआधी पोचतं, लांबली तर तिकिटावरच्या वेळेला पोचतं, फारच लांबली तर उशीर होतो. कंपन्या हा अंदाज धरूनच वेळ छापतात. म्हणून विमान पंधरा मिनिटं उशिरा सुटूनही मुंबईला वेळेवर पोचल्याचा अनुभव तुम्हाला आला असेल.

एकाच मार्गाला कधी एक तास दाखवतात, कधी दीड. चूक कुणाची?

कुणाचीच नाही, विमान वेगळं असतं. आपल्या भागात पंख्याची एटीआर 72 विमानं येतात, त्यांचा सरळ प्रवासातला वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. एम्ब्रेअर किंवा एअरबस ही जेट विमानं ताशी 800 च्या वर जातात. बेंगळूरसारख्या मार्गावर या फरकानं वीस-पंचवीस मिनिटं इकडची तिकडं होतात. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा.

जेट दिसलं म्हणून मात्र सकाळचं सोयीचं विमान सोडून दुपारचं घेऊ नका. वाचलेली वीस मिनिटं सांबऱ्याच्या रस्त्यात केव्हाच जातात. एटीआर थोडं खालून जातं, त्यामुळं हवा स्वच्छ असली तर खिडकीतून खाली बघण्यासारखं पुष्कळ असतं.

विमान नकाशावरच्या रेघेवरून सरळ जातं का?

नाही. आकाशातही ठरलेल्या वाटा असतात आणि विमानांना त्या धराव्या लागतात. शिवाय लष्कराच्या ताब्यातलं आकाश असतं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, आणि सांबऱ्यातही हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यात धावपट्टीची दिशा. सांबऱ्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याच्या तोंडाला उडतं, वाऱ्याच्या तोंडालाच उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे विमान बहुधा पश्चिमेकडं तोंड करून उडणार. हैदराबादला जायचं असलं तरी आधी पश्चिमेला उडून मग पूर्वेला वळायचं. या सगळ्यानं प्रत्यक्ष अंतर सरळ रेषेपेक्षा थोडं वाढतंच.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो?

वाऱ्यामुळं. ताशी 500 च्या विमानाला समोरून ताशी 50 चा वारा लागला तर जमिनीच्या मानानं वेग 450 राहतो, पाठीमागून लागला तर 550 होतो. हैदराबादच्या 435 किलोमीटरला पहिल्या वेळी 58 मिनिटं, दुसऱ्या वेळी 47. दिल्लीचा मार्ग उत्तर-दक्षिण असल्यानं पश्चिमेच्या वाऱ्याचा त्याला एवढा फरक पडत नाही.

माझं गाव बेळगावपासून लांब आहे. मला कोणतं विमानतळ जवळचं?

सीमाभागातल्या माणसानं हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत. जिल्हा बेळगाव म्हणून विमानतळही सांबराच, असं गृहीत धरतात. आपल्या भोवती सांबरा, कोल्हापूरचं उजळाईवाडी, हुबळी, गोव्याचं मोपा आणि दाबोळी अशी पाच विमानतळं आहेत. सांबऱ्यापासून सरळ रेषेत हुबळी सुमारे 75 किलोमीटर, मोपा 80 च्या थोडं वर, कोल्हापूर 95 आणि दाबोळी शंभराच्या जवळ. दोन राज्यांच्या आणि घाटाच्या कडेला राहतो म्हणून आपल्या वाट्याला अडचणी आल्या, तशी ही सोयही आली. ती वापरावी.

निपाणीकरांचा हिशेब सोपा आहे. निपाणीहून उजळाईवाडी सरळ रेषेत 30 किलोमीटरच्या आसपास, सांबरा 65. शिवाय कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर 310 किलोमीटर, बेळगावपेक्षा शंभरएक किलोमीटर कमी. मुंबईला जाणाऱ्या निपाणीच्या माणसानं आधी दक्षिणेला बेळगावला येऊन मग पुन्हा उत्तरेला उडण्यात काही अर्थ नाही. वेळ जुळत असेल तर कोल्हापूरच बघावं.

अथणी जिल्ह्याच्या पार ईशान्येच्या टोकाला. तिथून कोल्हापूरचं विमानतळ सरळ रेषेत 80 च्या वर, सांबरा 105 च्या वर. तिथल्या लोकांचा मिरज-सांगलीशी रोजचा संबंध असतो, त्यामुळं कोल्हापूरची वाटही ओळखीची. चिकोडी आणि संकेश्वरवाल्यांनी मात्र दोन्हीकडच्या वेळा बघून ठरवावं. मुंबईसाठी कोल्हापूर, बेंगळूरसाठी सांबरा, असा साधा नियम धरला तरी बहुतेक वेळा चुकत नाही.

खानापूरची गोष्ट वेगळी. सांबरा सरळ रेषेत 27 किलोमीटर, तेव्हा पहिली पसंती तिथलीच. पण सांबऱ्याहून हवं ते विमान नसेल तर काय? खानापूरहून हुबळी आणि मोपा ही दोन्ही विमानतळं सरळ रेषेत सारख्याच अंतरावर आहेत, साधारण 70 किलोमीटर. मोबाईलवरचा हवाई अंतराचा आकडा बघणारा म्हणेल, कुठूनही गेलं तरी एकच. पण हुबळीच्या बाजूला पठार आहे आणि मोपाच्या बाजूला सह्याद्री. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे जायचं, तेही पावसाळ्यात धुकं आणि दरडींच्या दिवसांत, म्हणजे त्याच 70 किलोमीटरला कितीतरी जास्त वेळ धरावा लागतो. हवाई अंतराच्या आकड्यात घाट दिसत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये मोपाहून सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशी घाट उतरून मुक्काम करणं बरं.

मग मोपा घ्यावंच कशाला?

कारण तिथून पर्याय जास्त आहेत. मोपाचं मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन होऊन 5 जानेवारी 2023 पासून सुरू झालं. सांबऱ्याहून मोजक्या शहरांना विमानं आहेत, तिथून पुष्कळ. कोलकाता-चंदीगडसारख्या लांबच्या ठिकाणी जायचं असेल तर सांबऱ्याहून मुंबई, तिथं चार तास बसून पुढचं विमान, यापेक्षा घाट उतरून थेट विमान घेणं कमी दगदगीचं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना तर विमान बदलणं शक्यतो टाळावंच.

बेंगळूरला विमान, वंदे भारत की रात्रीची गाडी?

घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजा. खानापूर तालुक्यातल्या गावातून सांबऱ्याला एक तास. विमानाच्या दीड तास आधी पोचायचं, कारण देशांतर्गत विमानांचं चेक-इन बहुतेक ठिकाणी एक तास आधी बंद होतं. उड्डाण सव्वा तास. सामान मिळून बाहेर पडायला अर्धा तास. देवनहळ्ळीहून शहरात मुलीच्या खोलीपर्यंत दीड तास, कारण ते विमानतळ शहरापासून 35 किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि बेंगळूरची वाहतूक सगळ्यांना माहीत आहे. बेरीज पावणेसहा तास. ऑगस्ट 2025 मध्ये बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली, तिला साधारण साडेआठ तास लागतात, पण ती शहराच्या मध्यात सोडते. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस किंवा स्लीपर बस याहून जास्त वेळ घेते, पण तो वेळ झोपेत जातो.

दुपारी बारापर्यंत कार्यालयात सही करून संध्याकाळी परत यायचं असेल तर विमान. बरोबर आईवडील आणि चार पिशव्या असतील तर मी रेल्वेच सांगेन.

पुण्याला विमानानं जावं का?

नको. महामार्गानं साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि बस दिवसरात्र मिळते. विमानतळाच्या दोन्ही टोकांचा वेळ धरला तर वाचतं फार थोडं.

थेट विमान होतं, ते मध्येच बंद का झालं?

याची मुळं उडान योजनेत आहेत. 2016 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत छोट्या शहरांच्या मार्गांना सरकार तीन वर्षं तोट्याची भरपाई देतं. बदल्यात विमानातल्या काही जागा ठरावीक दरानं द्यायच्या. सुरुवातीला सुमारे 500 किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला 2,500 रुपये अशी मर्यादा होती, आणि अंतर वाढेल तसा दर वाढायचा. बेळगावला तिसऱ्या फेरीत बरेच मार्ग मिळाले, आणि एकेकाळी सांबऱ्याहून कितीतरी शहरांना विमानं सुटू लागली. तीन वर्षांची मुदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. प्रवासी पुरेसे नसतील तर कंपनी तो बंद करते. मला याचं वाईट वाटतं, कारण आपल्याकडं प्रवासी आहेत, पण ते पाच विमानतळांत विभागले जातात. तिकिटं आधीपासून काढली गेली तर मार्ग टिकायला मदत होते.

वेळापत्रकही वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मागच्या वर्षी सकाळी होतं म्हणून यंदाही सकाळीच असेल असं धरून लग्नाची तारीख ठरवू नका.

शोधताना शहराचं नाव काय टाकायचं?

बेळगाव, बेलगाम, बेळगावी, काहीही. सापडलं नाही तर विमानतळाचा संकेत टाका, आयएक्सजी. मुंबईला उतरताना मात्र कोणतं विमानतळ ते नीट वाचा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आहे. पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर मधला रस्ता तुम्हालाच कापायचा आहे.

दुबईला जाताना दोन तास आणि येताना साडेचार तास असं का दिसतं?

तिकिटावर प्रत्येक शहराचा स्थानिक वेळ छापतात. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागं आहेत. मुंबई ते दुबई सुमारे 1,930 किलोमीटर, सव्वातीन तास धरू. मुंबईहून सकाळी दहाला सुटलेलं विमान आपल्या घड्याळात सव्वाएकला पोचतं, पण तिथं तेव्हा पावणेबाराच वाजलेले असतात. परतताना उलटं. दुबईतून दहाला निघालात आणि तीन तास लागले तर मुंबईत घड्याळ अडीच दाखवेल. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाच्या आईला हे आधी समजावून सांगा, नाहीतर फोन येईपर्यंतचा दीड तास तिला उगाच काळजीत जातो.

पावसाळ्यात सांबऱ्याची विमानं दुसरीकडं का वळवतात?

ढग खाली आले आणि वैमानिकाला ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही, तर उतरायची परवानगी नसते. मग विमान थोडा वेळ घिरट्या घालतं आणि हवा उघडली नाही तर हुबळी, गोवा किंवा जिथून निघालं तिथं जातं. एवढं इंधन बरोबर ठेवणं नियमानं बंधनकारक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये परीक्षा, मुलाखत किंवा ऑपरेशनची तारीख असेल तर त्याच दिवसाचं विमान घेऊ नका, आदल्या दिवशी जा. हिवाळ्यात हीच काळजी दिल्लीच्या बाजूनं घ्यावी लागते, तिथलं डिसेंबर-जानेवारीचं धुकं इथल्या स्वच्छ हवेतल्या विमानालाही रोखून धरतं.

सांबरा विमानतळ किती जुनं?

1942 चं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं प्रशिक्षणासाठी बांधलं. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी इथूनच हंटर विमानं बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर गेली होती, सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आसपास. धावपट्टी पुढं 2,300 मीटरपर्यंत वाढवली आणि नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2017 मध्ये झालं. दिल्लीला जाणारी एअरबससारखी मोठी विमानं इथं उतरू शकतात ती या वाढीव लांबीमुळं.

बेळगाव शहरातून सांबऱ्याला किती आधी निघावं?

शहरापासून विमानतळ दहाएक किलोमीटर, बागलकोट रस्त्यावर. विमान सुटायच्या अडीच तास आधी घर सोडलं तर धावपळ होत नाही. पहाटेचं विमान असेल तर रिक्षा किंवा गाडी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.